जर्मनीत बिऱ्हाड हलवताना: कागद, घर, हिवाळा आणि मागे राहिलेले आई-बाबा

चाकणच्या वाहन कारखान्यातून श्टुटगार्टला, हिंजवडीच्या आयटी कंपनीतून म्युनिकला, नाशिकच्या नर्सिंग कॉलेजातून एखाद्या लहानशा जर्मन गावातल्या हॉस्पिटलात. मराठी माणसाचं जर्मनीला जाणं आता नवलाईचं राहिलेलं नाही. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि महाराष्ट्र व बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांची २०१५ पासून भागीदारी आहे. व्हिसा कसा काढायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पोचल्यावर जगायचं कसं, आणि मागे राहिलेल्यांचं काय, यावर बोलणारे कमी.

मी श्टुटगार्टजवळ राहते. नव्याने येणाऱ्यांना मी एक गोष्ट ठामपणे सांगते: परदेशातली निम्मी मानसिक ओढाताण कागदांच्या ढिलाईतून जन्माला येते. बाबा आयसीयूत असतात आणि आपल्या निवास परवान्याची मुदत संपत आलेली असते. आईच्या ऑपरेशनचे पैसे भरायचे असतात आणि बँकेचा ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जातो. अशा वेळी जी तगमग होते, तिच्यावर कुठलाही समुपदेशक उपाय देऊ शकत नाही. म्हणून पुढे सांगितलेली कामं रुक्ष वाटली तरी ती मनासाठीच करायची आहेत.

निघण्यापूर्वीचे तीन महिने

पहिलं काम नावाचं. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टात वडिलांचं नाव कधी आहे कधी नाही, लग्नानंतर बायकोचं नाव आधार कार्डावर एक आणि पदवीवर दुसरं. जर्मन कार्यालयांत अक्षरन् अक्षर जुळवून पाहिलं जातं. जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पदवी आणि पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि फरक दिसला तर भारतातच दुरुस्त करून घ्या. जुन्या जन्मदाखल्यांवर बाळाचं नावच नसतं. महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नावासह नवा दाखला काढा. हेच काम जर्मनीत बसून करायचं म्हटलं तर मामा-काकांना महिनोन् महिने हेलपाटे घालावे लागतात. जी कागदपत्रं फक्त मराठीत आहेत त्यांचं अधिकृत भाषांतर लागेल, आणि ते अधिकृत कोणाकडून हवं हे ज्या कार्यालयाला द्यायचं त्यालाच विचारा.

दुसरं काम बँकेचं. नोकरीसाठी देश सोडला की परकीय चलन कायद्याप्रमाणे तुमचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं, खात्यात बदलून घ्यावं लागतं. परदेशातला पगार भारतात पाठवायचा असेल तर सोबत एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीचं, खातं उघडा. जुनं पीपीएफ खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. म्युच्युअल फंडांच्या केवायसीतही निवासी दर्जा बदलून घ्या. आणि भारतातलं मोबाइल सिम कृपा करून बंद करू नका. आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून ते जिवंत ठेवा, कारण बँक, आयकर, आधार या सगळ्यांची किल्ली त्या नंबरात आहे.

तिसरं काम भाषेचं. पुण्यात हे सोपं आहे. मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. ऑफिसचं कामकाज इंग्रजीत चालणार असलं तरी निदान ए-टू पातळी (ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्यांतली दुसरी) गाठून निघा. घरमालक, शेजारी, डॉक्टरांकडची रिसेप्शनिस्ट, पाळणाघरातल्या ताई ही तुमच्या रोजच्या जगण्यातली माणसं जर्मनच बोलणार आहेत.

सामानाबद्दल एवढंच. तूप, पेढे, खवा, पनीर असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानातून आणायला मनाई आहे. आईने पहाटे उठून कढवलेलं तूप विमानतळावर टाकून द्यावं लागलं की फार जिव्हारी लागतं, तेव्हा तिला आधीच सांगा. गोडा मसाला, भडंग, मेतकूट, भाजणी खुशाल आणा. कुकर इंडक्शनवर चालणारा घ्या, आणि रोजची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

पोचल्यावर: आधी पत्ता, मग बाकी सगळं

जर्मनीत सगळी साखळी पत्त्यापासून सुरू होते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयात, जाऊन पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. त्यासाठी घरमालकाची सही असलेलं राहत असल्याचं पत्र लागतं; भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. नोंदणी झाली की अकरा आकडी टॅक्स आयडी टपालाने घरी येतो. तो मिळेपर्यंत कंपनी तुमचा कर सर्वात चढ्या दराने कापू शकते, म्हणून पहिल्या पगाराचा आकडा पाहून घाबरू नका, फरक पुढे मिळतो.

टपालपेटीवर आडनाव लावणं हे पहिल्याच दिवशीचं काम. इथे फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, टॅक्स आयडी सगळं परत जातं. आणि आलेलं प्रत्येक पत्र उघडा. रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र सगळ्यांनाच येतं, घरटी महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. न समजलेली पत्रं ड्रॉवरमध्ये टाकत गेलात तर काही महिन्यांनी दंडासकट परत भेटतात. मोबाइलवर भाषांतर करा, तरी कळलं नाही तर सहकाऱ्याला विचारा. इथली माणसं अशा मदतीला सहसा नाही म्हणत नाहीत.

घर शोधणं हा पहिल्या वर्षातला सगळ्यात दमवणारा भाग. म्युनिक, फ्रांकफुर्ट, श्टुटगार्ट इथे एका फ्लॅटसाठी खूप अर्ज येतात आणि नव्या माणसाकडे ना जुन्या घरमालकाचं पत्र असतं ना शूफा या पतनोंदणी संस्थेकडचा पतइतिहास. कंपनीने पहिल्या दोन-तीन महिन्यांची सोय करावी हे वाटाघाटीतच मागून घ्या. अर्जासोबत नोकरीचा करार, पगाराच्या पावत्या आणि घरात कोण कोण राहणार याबद्दल चार ओळींचं नीट जर्मन पत्र जोडा. जाहिरातीतला काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा धरून वार्ममीटे होतं, आणि वीज व इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. ‘मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल’ असं कोणी म्हटलं तर ती फसवणूक आहे हे पक्कं समजा.

बरीच घरं स्वयंपाकघराविना मिळतात. ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून डोकावणारे नळ आणि वायरी. आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन विकत असेल तर ते घेणं बहुतेक वेळा परवडतं. ताबा घेताना भिंती, फरशी, खिडक्या यांचे फोटो काढून नोंदपत्रकात लिहून घ्या, सोडताना अनामत त्यावरच ठरते. रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, म्हणून मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम शनिवारी उरका. दुकानंही रविवारी बंद. राहायला गेल्यावर शेजाऱ्यांच्या दारावर जाऊन स्वतःची ओळख करून द्या. जर्मनीत नव्याने आलेल्यानेच आधी बोलायचं असतं. शेजारी बोलावतील म्हणून वाट पाहत बसलात तर ते तुम्हाला शिष्ट समजतील आणि तुम्ही त्यांना.

आरोग्य विमा सक्तीचा आहे. सरकारी पद्धतीच्या विम्यात मूळ हप्ता पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडी भर, त्यातला निम्मा वाटा कंपनी भरते. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. जास्त पगारवाल्यांना खाजगी विम्याचं आमिष दाखवलं जातं. तरुणपणी तो स्वस्त पडतो, पण तिथून सरकारी विम्यात परतणं फार अवघड असतं आणि प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा. कुटुंब असेल तर माझं मत स्पष्टपणे सरकारी विम्याच्या बाजूने आहे. धडधाकट असतानाच एक हाउसआर्ट्स्ट, म्हणजे घरचा डॉक्टर, गाठून ठेवा. जिवावरच्या प्रसंगी ११२, दवाखाने बंद असताना बाकीच्या दुखण्यासाठी ११६११७.

पैशाचा एक मुद्दा बहुतेकांना उशिरा कळतो. जर्मनीचे करनिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. भारतातलं मुदत ठेवीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं. एनआरई खात्याचं व्याज भारतात करमुक्त आहे, जर्मनीत नाही. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण त्याचा फायदा उत्पन्न दाखवणाऱ्यालाच मिळतो.

पहिला हिवाळा, आणि घरात राहिलेला जोडीदार

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी असलेलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार होतं. डिसेंबरात श्टुटगार्टला सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि संध्याकाळी साडेचारला सूर्य मावळतो. मधल्या वेळातही तो दिसेलच असं नाही. आपल्यासारख्या उन्हात वाढलेल्या माणसाचं मन यात खचतं, आणि ते खचणं आळस वाटतं. झोप वाढते, फोन करावासा वाटत नाही, डबा करावासा वाटत नाही. नोव्हेंबर लागण्याआधीच डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं बाहेर चालायचंच, पाऊस असला तरी. आणि आठवड्यातला एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, माणसांत जायची सोय आधीच लावून ठेवा.

त्यासाठी फेराइनसारखी दुसरी जागा नाही. गावोगावी गायनाची, बॅडमिंटनची, डोंगर चढण्याची, बागकामाची मंडळं असतात आणि वर्षाची वर्गणी माफक असते. जर्मन माणूस रस्त्यात मैत्री करत नाही, पण दर मंगळवारी सोबत गाणाऱ्याला तो वर्षभरात घरी बोलावतो. मराठी मंडळं मोठ्या शहरांत आहेत. गणपतीची आरती आणि दिवाळीचा फराळ चुकवू नका. मात्र शनिवार-रविवारचं सगळं जग मराठी व्हॉट्सअॅप गटांपुरतंच राहू देऊ नका. तिथे फ्लॅटच्या किमती आणि कोणाला कधी कायमचा परवाना मिळाला याच्या तुलना चालतात, आणि त्या ऐकून आधीच एकटं पडलेलं माणूस आणखी खट्टू होतं.

खरी कसोटी लागते ती नोकरीमागे आलेल्या जोडीदाराची. पुण्यात टीम सांभाळणारी, बहुतेक वेळा बायको, इथे येऊन अचानक कोणाची तरी बायको एवढीच उरते. नवरा सकाळी निघतो, त्याच्याकडे काम, सहकारी, ओळख असते. तिच्याकडे चार भिंती, कळत नसलेली पत्रं, आणि ‘तू तर मजेत असशील’ म्हणणारे नातेवाईक. यावर भांडणं होतात, काही संसार मोडतातही. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांसाठीचा निवास परवाना, असलेल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून नोकरी करायची मुभा असते, हे अनेकींना ठाऊकही नसतं. निघण्यापूर्वीच दोघांनी बसून ठरवावं: पहिलं वर्ष तिच्या भाषेच्या वर्गाला पैसे आणि वेळ दोन्ही राखून ठेवायचे, तिच्या नावाचं स्वतंत्र बँक खातं काढायचं, तिच्या पदवीची मान्यता तपासायची, आणि वर्षाने ती समाधानी नसेल तर परत जाण्याचा विचार खुलेपणाने करायचा. तिचं दुःख ऐकताना ‘सवय होईल’ म्हणून विषय संपवू नका.

मन सावरत नसेल तर उपचार घ्या. मानसोपचार सरकारी विम्यात बसतो, पण थेरपिस्टची जागा मिळायला महिने जातात. पहिल्या भेटीची वेळ ११६११७ वरून मागता येते. थांबणं शक्य नसेल तर महाराष्ट्रातल्या मराठी समुपदेशकाशी ऑनलाइन बोला. मनातलं सगळं मराठीत रडून सांगता येणं यातच पुष्कळ आराम असतो. अगदी टोकाचे विचार येत असतील तर ०८०० १११०१११ या नंबरवर जर्मनीत रात्रंदिवस मोफत बोलता येतं, आणि जिवाला धोका वाटला तर थेट ११२.

मागे राहिलेले आई-बाबा

या विषयावर घरोघरी न बोलण्याचा करार असतो. ते म्हणतात, ‘आम्ही मजेत आहोत, आमची काळजी करू नका.’ आपण म्हणतो, ‘इथे सगळं छान आहे.’ दोघंही लपवतात. आईचं गुडघ्याचं दुखणं ऑपरेशन ठरल्यावर कळतं, बाबांच्या छातीत दुखून गेलेलं शेजारचे काका सांगतात. निघण्यापूर्वी एका रविवारी सगळ्यांनी मिळून बसा, भावंडांसकट, आणि एक वही करा. कुठला डॉक्टर, कुठली औषधं, कुठला विमा, कॅशलेस सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, रात्री दोन वाजता घरी पोचू शकेल असा माणूस कोण. त्या माणसाला तसं विचारून ठेवा आणि घराची एक किल्ली त्याच्याकडे द्या. वय ७० च्या पुढे असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नसलेलं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी; ते काढून घ्या. बँक खाती, पोस्टातली गुंतवणूक, सोसायटीचा फ्लॅट, सगळीकडे नामनिर्देशन झालं आहे का पाहा, आणि इच्छापत्राचा विषय काढायला घाबरू नका. आपल्याला वाटतं त्यांना वाईट वाटेल; अनेकदा त्यांना कोणी विचारलं याचं बरंच वाटतं.

तुमच्या मालमत्तेची कामं भारतात कोणी करायची असतील तर कुलमुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा, आणि ते नेमक्या कामापुरतंच ठेवा. जर्मनीतून करायचं झालं तर भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकन करावं लागतं, आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

आता तुमच्या बाजूची तयारी. परतीच्या तातडीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, त्यांना हात लावू नका. निवास परवान्याची मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज करा, कारण परदेशी नागरिक कार्यालयात वेळ मिळणंच कठीण झालं आहे. मुदतीपूर्वी अर्ज केला असेल तर फिक्सिओन्सबेशाइनिगुंग हे तात्पुरतं पत्र मागा. त्यावर कायद्याचं कोणतं कलम लिहिलं आहे ते नीट बघा: ८१ परिच्छेद ४ असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, परिच्छेद ३ असेल तर त्या पत्रावर परत येता येत नाही. आणि आई-बाबांपाशी जास्त काळ राहायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा: साधा निवास परवाना सहा महिने सलग बाहेर राहिलं की रद्द होतो, ब्लू कार्डला बारा महिन्यांची सवलत आहे.

त्यांना इकडे आणायचं म्हटलं तर शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या अल्पकाळाच्या व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, सोबत किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. मे ते ऑगस्ट बोलवा. नोव्हेंबरात आलेले आई-बाबा घरात कोंडल्यासारखे होतात. कायमचं आणण्याचा एक रस्ता नव्या कायद्याने उघडला: ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर मिळाला, त्यांना आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो. पण त्यांचा पूर्ण खर्च आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि सत्तरीच्या माणसाला परवडेल असा विमा मिळणं हीच मोठी अडचण आहे. त्याआधी त्यांनाच विचारा. सकाळची बाग, देऊळ, कट्टा, भाजीवाल्याशी घासाघीस सोडून इथे यायची त्यांची इच्छा आहे का?

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. मृत्यूची बातमी कळल्यावर सगळं जुळून आलं तरी घरी पोचायला बहुतेकदा पूर्ण दिवस जातो. मुलासाठी किंवा मुलीसाठी थांबायचं की नाही, हे घरच्यांनी त्या क्षणी ठरवायला लागू नये. शक्य असेल तर आई-बाबांशी, निदान भावंडांशी तरी, हे आधी बोलून ठेवा. काही जण ‘थांबू नका, दहाव्याला ये’ असं स्वतःच सांगतात. ते शब्द कानावर पडलेले असले तर न पोचल्याची बोचणी थोडी सुसह्य होते. ती पूर्ण जात नाही, आणि जावी असा हट्टही धरू नये.

मुलं आणि पुढचा मुक्काम

मूल एक वर्षाचं झालं की त्याला किटाची, म्हणजे पाळणाघर-बालवाडीची, जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण प्रतीक्षायादी लांब असते. पत्ता मिळताच नाव नोंदवा. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या शाळांकडे वळतात, त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन येणाऱ्यांनी भाषेची तयारी आधीपासून करावी. घरात मात्र मराठीच बोला. जर्मन ती शाळेत शिकतातच. आजीशी बोलायला भाषा उरली नाही तर नातंही फोनवरच्या ‘हाय आजी’पुरतं राहतं.

ब्लू कार्ड असेल तर बी-वन भाषेसह २१ महिन्यांनी, ए-वनवर २७ महिन्यांनी कायमचा परवाना मागता येतो. २०२४ च्या जूनपासून पाच वर्षांच्या वास्तव्यावर नागरिकत्वाचा अर्जही करता येतो आणि जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं. भारताला ते चालत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचं, कार्ड काढावं लागतं. राहता येतं, फ्लॅट घेता येतो, मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळू शकते. अनिवासी भारतीयांनाही शेतजमीन खरेदीची हीच बंदी आहे. म्हणून गावी वडिलोपार्जित जमीन असेल तर नागरिकत्वाचा अर्ज भरण्यापूर्वी ७/१२ उतारा काढून पाहा. आजोबांच्या नंतरची वारस नोंद कित्येक घरांत अजून झालेलीच नसते. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की पहिल्याच आठवड्यात तलाठ्याला भेटा, कारण फेरफार मंजूर व्हायला वेळ लागतो आणि तुमची सुट्टी तेवढी लांब नसते.